दिल्लीतले हिंदूराव

दिल्लीत उत्तरेकडच्या कोणत्याही रिक्षावाल्याला ‘हिंदूराव’ म्हटले की तो थेट टेकडीवरच्या महापालिकेच्या रुग्णालयापाशी नेऊन सोडतो. हे हिंदूराव कोण, असे मात्र त्याला विचारू नये! ते कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले. बायजाबाईंचे बंधू, म्हणजे दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. टेकडीवरची कोठी मुळात विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची. १८३५ साली त्याचा खून झाला आणि पुढे ती हिंदूरावांकडे आली. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांचा मोर्चा याच कोठीत होता. तोवर हिंदूराव हयात नव्हते. नाव तेवढे राहिले. खाली सदर बाजाराजवळच्या दाट वस्तीलाही ‘बाडा हिंदूराव’ म्हणतात. बाडा म्हणजे आपला वाडाच.

ही टेकडी म्हणजे अरवली पर्वताचे शेवटचे टोक. गुजरातेतून निघालेली डोंगररांग राजस्थान, हरियाणा ओलांडून इथे, यमुनेजवळ, संपते. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हिला टेकडी म्हणायलाही जीवावर येईल. पण सपाट दिल्लीत एवढी उंचीही मोलाची. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. तेव्हा टेकडीच्या पूर्वेला सखल भागातल्या सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्यांवर पाणी होते, हिंदूराव कोरडे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ उभा करायला हीच जागा निवडली, ती उगाच नव्हे.

उंचीमुळे पूर टळतो, ऊन मात्र टळत नाही. मे-जूनमध्ये राजस्थानकडून ‘लू’ वाहू लागली की उघडा खडक तव्यासारखा तापतो. हवामान खात्याचे ‘रिज’ नावाचे केंद्र याच टेकडीवर आहे. उन्हाळ्यात दिल्लीच्या तापमानाच्या बातम्यांत ते नाव हमखास येते. पाऊस वर्षाकाठी पाऊणशे सेंटिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. डिसेंबर-जानेवारीत धुके असे की समोरचा माणूस दिसू नये, आणि अलीकडे त्यात धूरही मिसळलेला.

लोकवस्तीचे म्हणाल तर, २०११ च्या जनगणनेत हा भाग ज्या उत्तर दिल्ली जिल्ह्यात होता, तिथे सुमारे ८ लाख ८८ हजार माणसे राहत होती, दर चौरस किलोमीटरला साडेचौदा हजारांहून अधिक. हिंदूरावांच्या कोल्हापूर जिल्ह्यात हाच आकडा ५०४ होता! पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, दिल्लीच्या नऊ जिल्ह्यांचे अकरा झाले आणि हद्दी पुन्हा आखल्या गेल्या. नकाशा बदलला, गर्दी होती तिथेच राहिली.

या गर्दीला लागूनच उत्तर रिजचे सुमारे ८७ हेक्टर जंगल आहे. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या शहरात ते टिकले, हेच नवल. १९९४ साली त्याला राखीव वन म्हणून संरक्षण मिळाले, नाहीतर कडेकडेने कुरतडले जातच होते. हेच रान वाळवंटाकडून येणारी धूळ अडवते आणि पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून जमिनीत मुरवते. अडचण आहे ती आतून. इंग्रजांच्या काळात लावलेल्या विलायती कीकराने, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीने, स्थानिक झाडांना वाढूच दिलेले नाही. ती हटवून धावडा, पळस, देशी बाभूळ परत आणायचे, तर एकदम तोड करून चालत नाही. सावली गेली की खडक आणखी तापतो. म्हणून तिच्या फांद्या छाटायच्या आणि खाली मिळालेल्या उजेडात देशी रोपे वाढवायची, असे हे काम वर्षानुवर्षे चालणारे आहे.