शिवणयंत्रं पुरे, करवत द्या!

आमच्या वस्तीतल्या बालवाडीला कुणीतरी माशांची काचेची पेटी दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. स्टँड नव्हता. मिस्त्रीने साडेचार हजार सांगितले. आपणच करू, असं मी बैठकीत म्हटलं, तर आमचे एक पुरोगामी कार्यकर्ते हसले. "ताई, पन्नास किलो पाणी असतं त्यात. बायकांचं काम आहे का ते?"

पन्नास किलो म्हणजे जेमतेम तीन-चार हंडे! वस्तीतली बाई रोज सकाळी नळावरून त्याहून जास्त वाहते, तेव्हा यांना काळजी वाटत नाही. रस्त्याकडेच्या लोहारांच्या पालावर घण बाईच मारते. तेव्हा ताकदीचं कारण सांगू नका. हत्यार आणि त्याचं ज्ञान कुणाच्या ताब्यात, हा खरा प्रश्न. आपल्या भाषेत 'सुतारीण' आहे, पण ती सुताराची बायको म्हणून. रंधा मारते म्हणून नव्हे.

मीही काही वेगळी नव्हते. एम.एस.डब्ल्यू.ला गटकार्याचे टप्पे पाठ केले, करवत मात्र धरली नव्हती. आम्ही पाचजणी बसलो. भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन सहाशेत मिळालं. स्क्रू, फेव्हिकॉल, ऑइलपेंट साडेचारशे. हत्यारं एकीच्या नवऱ्याची. "धार घालवू नका" असं बजावून त्याने दिली. पहिली चौकट पायांच्या बाजूने स्क्रूवर टांगली होती. धुणीभांडी करणारी एक मावशी म्हणाली, "अगं, सगळा भार खिळ्यांवर आला की! लाकडावर येऊ दे." बरोबर होतं. उकलून चौकट चारही पायांच्या डोक्यावर बसवली. स्टँड बाजूला डुलत होता, म्हणून मागे तिरपी पट्टी मारली. वर प्लाय, त्यावर थर्माकोल, म्हणजे काचेला कुठे टोचत नाही. पाणी थोडं भरून पातळी पाहिली. एका पायाखाली पाचर लागली. मावशी शाळेत गेलेली नाही, हे त्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगितलं.

१९७६च्या समान वेतन कायद्याने भरतीतल्या भेदभावालाही मनाई केली. पण बाईला सुतारकाम शिकवलंच नाही, तर भरतीला ती उभी राहणार कशी? आणि शिकवायचं म्हटलं की योजना निघतात शिवणयंत्र वाटायच्या, पापड-लोणच्यांच्या! आपल्या संस्थाही तेच करतात. गल्लीत दहा शिवणयंत्रं झाली की परकर शिवायचे कुणाचे?

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पुन्हा शिवणवर्गच आहे. मी करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि गिरमिट यांच्या खर्चाचा कागद घेऊन जाणार आहे. मावशीही येणार आहे.