मोजणाऱ्या मुली कुठून येणार?

मागच्या उन्हाळ्यात देवगाव रंगारीत आमच्या बचत गटाच्या बैठकीला एका सभासद बाईची मुलगी आली. बी.एस्सी. झालेली. आशाताईंबरोबर चार वस्त्या फिरली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच विचार. मला म्हणाली, "ताई, एकेका बाईला औषध देऊन भागत नाही. सगळ्या गावाचं दुखणं शोधायचं शिक्षण असतं, एम.पी.एच. म्हणतात. मला ते करायचंय." घरच्यांनी मात्र बी.एड. आणि लग्न एवढे दोनच रस्ते मोकळे ठेवलेले.

मी तिच्याबरोबर माहितीपत्रके घेऊन बसले. एका खासगी संस्थेने फोनवर दोन वर्षांचे चार लाख सांगितले, राहणे-जेवण वेगळे. वडील नुसते हसले. अद्रकाला भाव लागला तरच त्यांच्या घरात लाखाची भाषा होते. मग सरकारी मदतीवरच्या संस्था पाहिल्या. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथलीच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. तिथे विषय थोडा वेगळा, पण विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळत आले आहे. पुणे विद्यापीठाचा आरोग्य विज्ञान विभाग. आमची एक चूक सांगते. आम्ही आधी फी वाचत होतो. आधी पात्रतेची ओळ वाचायला हवी. काही ठिकाणी डॉक्टर, दंतवैद्य, नर्स चालतात, साधी बी.एस्सी. चालत नाही, काही ठिकाणी कोणतीही पदवी चालते.

"पण आता मुलींना शिक्षण फुकट आहे ना?" असे गटातल्या बायकांनी विचारले. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठराविक गटांच्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, हे खरे. पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आणि तेही राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर. सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या संस्था बहुतेक स्वतःच्या किंवा केंद्राच्या परीक्षेतून मुले घेतात. म्हणजे इंजिनिअर होणाऱ्या मुलीला माफी, आणि गावाचे आरोग्य शिकणारी दाराबाहेर! शिष्यवृत्तीचे पैसेही हातात यायला उशीर लागतो, खोलीचे भाडे मात्र पहिल्या महिन्यापासून. २०१८ साली टाटा संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी संप केला, तो दलित-आदिवासी मुलांच्या वसतिगृह आणि जेवणाच्या खर्चावरूनच.

कुणी म्हणेल, एका मुलीच्या फीचा प्रश्न चळवळीने कशाला घ्यायचा? मला राणी बंग आठवतात. स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही त्या १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि गडचिरोलीत आल्या. दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हे छापून आले तेव्हा जगाला कळले की 'माता' नसलेल्या बाईलाही शरीर असते. पांढरे जाणे, कंबरदुखी हे बाईच्या जातीला असायचेच, असे आपल्या आया-सासवा म्हणत आल्या. कुणी मोजले म्हणून तो आजार ठरला.

बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला, सरकारने समिती नेमली. आमच्या कन्नड तालुक्यातूनही टोळ्या जातात. त्या बायका किती, कोणत्या वयाच्या, कोणाच्या सल्ल्याने टेबलावर झोपल्या, हे दारात बसून विचारील ती त्यांच्यातलीच मुलगी. चार लाख भरून आलेल्या सगळ्यांना ते सुचणार नाही असे नाही. पण कोपीत शिरून चहा प्यायला तिला सांगावे लागत नाही.

म्हणून मागणी नेमकी करू या. फी-माफीतली प्रवेश प्रक्रियेची अट सार्वजनिक आरोग्यासाठी काढा, आणि वसतिगृहाचा खर्च सत्राच्या सुरुवातीला द्या. तोवर आमच्या गटाने तिला अर्ज आणि प्रवासापुरते अंतर्गत कर्ज दिले आहे. वडील अजून हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मुंबईत किंवा पुण्यात पहिले दोन महिने तिला ठेवून घेईल अशी मैत्रीण कुणाच्या ओळखीत असेल तर जरूर कळवा.