शिक्षण : निरक्षर

अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण शिकणारी मुले सर्वेक्षणाला सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात येतात. दुष्काळ, स्थलांतर, बचतगट, महिला बँक, सगळे एकाच ठिकाणी मिळते. प्रश्नावलीत वरच एक रकाना असतो : शिक्षण. ‘‘मावशी, शाळा किती?’’ मावशी म्हणते, ‘‘शाळा कुठली बाबा!’’ मुलगा लिहितो, निरक्षर. आणि पुढे सरकतो.

माणमधल्याच म्हसवडात हा शब्द एकदा भलताच महाग पडला होता. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांच्यासोबत इथल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला आणि रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. प्रवर्तकांत अंगठा लावणाऱ्या बायका होत्या. हरकत अगदीच गैर नव्हती. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला फसवणे सोपे. बायका अक्षरे गिरवायला बसल्या. पण पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या तेव्हा पैज लावली ती अक्षरांवर नव्हे, व्याजावर. हवी ती रक्कम सांगा, आम्ही व्याज काढतो. तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढावे. बघू, आधी कोणाचे निघते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

रकाना मात्र होता तसाच आहे. जनगणनेच्या लेखी सात वर्षांचा किंवा त्यावरचा जो कोणी एखादी भाषा समजून वाचू-लिहू शकतो, तो साक्षर. हिशेबाचा त्यात उल्लेख नाही. दहा हजारांना दरमहा शेकडा तीनने आठ महिन्यांचे चोवीसशे, हे शेळी सोडता सोडता सांगणारी बाई सरकारदप्तरी निरक्षरच.

आता त्याच प्रश्नावलीचे पुढचे पान उलटावे. कर्ज किती, कोणाकडून, कोणत्या दराने? फेडले किती, उरले किती? गेल्या उन्हाळ्यात कडब्याला किती गेले? वही नाही, पावती नाही. मावशी आठवून, बोटे मोडून सांगते. मुलगा ते आकडे जसेच्या तसे उतरवतो. त्यांचे तक्ते होतात, तक्त्यांचा प्रबंध होतो आणि प्रबंधावर पदवी मिळते.

पहिल्या पानावर जिला काही येत नाही म्हणून नोंदले, तिच्याच हिशेबावर उरलेला सगळा प्रबंध उभा असतो. धोरण शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाने तपासताना ही दोन पाने शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा आहे.