एक इंजिन की दोन?

लढाऊ विमानाला इंजिन एक असावं की दोन, यावर आमच्या घरात परवा चांगला तासभर वाद रंगला. सगळे भाचे एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईने यात कशाला पडावं, असं कुणाला वाटत असेल तर वाटो बापडं. नाशिकला माझ्या वर्गात ओझरच्या विमान कारखान्यात काम करणाऱ्यांची मुलं असायची, आणि डोक्यावरून मिग गेलं की मला शिकवणं थांबवावं लागायचं. बोलायला एवढा हक्क पुरे.

भाच्यांचं म्हणणं सरळ आहे. एक बंद पडलं तर दुसरं आहे ना! आईच्या काळजाला हे लगेच पटतं. कारगिलच्या लढाईत, २७ मे १९९९ रोजी, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ने रॉकेटं डागली आणि त्याचं एकुलतं एक इंजिन बंद पडलं. त्यांना विमान सोडावं लागलं, ते पाकिस्तानच्या हाती सापडले आणि जूनच्या सुरुवातीला सुटून आले. दुसरं इंजिन असतं तर कदाचित तळावर परत आलेही असते. हे मी नाकारत नाही. पण त्याच लढाईत टायगर हिलवर लेसरच्या मदतीने अचूक बॉम्ब टाकले ते मिराज-२०००ने, आणि त्यालाही इंजिन एकच!

मग सगळे येतात मिग-२१वर. 'उडती शवपेटी' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्याला निरोप दिला, तेव्हाही हेच ऐकू आलं की एका इंजिनाचं म्हणून इतकी पडली. मला हे अर्धवट वाटतं. हे विमान उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगात असायचं. आणि कितीतरी पोरं संथ अशा किरण विमानावर शिकून थेट त्यात बसायची. मधली पायरी, म्हणजे प्रगत प्रशिक्षण विमान, हवी असं एका समितीने १९८२ साली सांगितलं होतं. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षं! चौथीतल्या मुलाला दहावीच्या परीक्षेला बसवायचं आणि नापास झाला की म्हणायचं, त्याच्याकडे पेन एकच होतं. त्या पोरांच्या आयांना आपण काय उत्तर देणार?

असो. दुसरं इंजिन फुकट येत नाही. विमान वाढतं, इंधन वाढतं, दुरुस्ती जवळजवळ दुप्पट होते. आपल्या हवाई दलाला ४२ तुकड्या मंजूर आहेत, आणि मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. १२६ विमानं घ्यायची म्हणून २००७ साली निविदा निघाली. त्यात एका इंजिनाची एफ-१६ आणि ग्रिपेन होती, बाकी चार दोन इंजिनांची. निवडलं राफेल. विमान उत्तमच, पण २०१६च्या करारात घेतली किती? ३६. रिकाम्या जागा अशा भरत नाहीत.

म्हणून मी तेजसच्या बाजूची. त्यातही खरी गोम इंजिनं किती यात नसून ती कोणाची यात आहे. २०२१ साली ८३ तेजसची मागणी दिली, त्यांच्यासाठी अमेरिकेकडून ९९ इंजिनं मागवली, आणि त्यातलं पहिलं यायला मार्च २०२५ उजाडला. तोवर कारखाना वाट बघत बसला. दोन इंजिनांचं विमान असतं तर वाटही दुप्पट इंजिनांची बघावी लागली असती! आपलं कावेरी इंजिन तेजसला पुरेसं पडेना, म्हणून २००८ मध्ये ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या इंजिनावर जो पैसा घालायचा, तो आपल्या पहिल्या इंजिनावर घाला, असं माझं म्हणणं आहे.

समुद्रावर मात्र मी भाच्यांच्या पारड्यात. गोव्याच्या हंसा तळावरची सी हॅरिअर एका इंजिनाची होती, २०१६ मध्ये ती गेली, आणि नौदलाची मिग-२९के दोन इंजिनांची आहेत. खाली पाणीच पाणी असताना उतरायला शेत सापडत नाही, तिथे दुसरं इंजिन हवंच. पण अमेरिकेचं नौदल आपल्या जहाजांवरून एका इंजिनाचं एफ-३५ उडवतं, त्याचं काय, हे कुणीतरी मला समजावून सांगा. लिहून पाठवा, फोन नको. दुपारी मी झोपलेली असते.