डेमलो संख्येचा धडा

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाहून नाणेघाटाची वाट चढून गेले की माथ्याशी सातवाहनांचे लेणे लागते. राणी नागनिकेच्या तेथील ब्राह्मी लेखात यज्ञांतील दक्षिणांचे आकडे कोरलेले आहेत. २४,४०० कार्षापणांची नोंदही त्यांत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अंकपद्धतीत शून्य नाही. शंभर व हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. मोठी संख्या तीत लिहिता येते, परंतु तिच्या अंकांमधील नाते दिसत नाही. ते दिसू लागले स्थानमूल्यामुळे.

त्याचे उत्तम उदाहरण ठाणे जिल्ह्याशीच निगडित आहे. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले व देवळालीच्या शाळेत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना एका संख्यासमूहाची कल्पना डोंबिवली स्थानकावर सुचली. त्या स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो’ म्हटले. नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग ही त्यांपैकी एक. तो येतो १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील नामावलीप्रमाणे ही सतरा अंकी संख्या ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोहोचते.

ही रचना हा चमत्कार नव्हे. गुणाकार मांडताना एकांच्या नऊ ओळी एकेका घराने डावीकडे सरकतात. म्हणून उभ्या बेरजा एकापासून नवापर्यंत चढतात आणि पुन्हा उतरतात. अंकांची बेरीज ८१ होते व ८१ ने ही संख्या निःशेष भागली जाते. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. मात्र दहा एकांचा वर्ग करताच मध्यभागी दहा जमतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती भंगते.

नियम का चालतो आणि नेमका कोठे थांबतो, हे शोधणे म्हणजेच गणित. आपल्या शाळांत मात्र उत्तर बरोबर आले की प्रश्न संपतो. व्याज, मापे व हिशेब आले पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण ‘असे का?’ हे विचारण्याची सवय नसलेला विद्यार्थी पुढे सावकाराचा किंवा अंदाजपत्रकाचा आकडाही निमूटपणे मान्य करतो. नुकसान केवळ गुणांचे नाही, नागरिकत्वाचे आहे.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि आठवड्यातील एक तास, फळा आणि खडू एवढ्यावर हे काम भागते. त्यासाठी अनुदान लागत नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने कापरेकरांचे नाव जगभर नेले. त्यांचे मोठेपण समजण्यास आपण परदेशी पावतीची वाट पाहू नये. वैशाखऱ्याच्या मुलांना गुरुजींनी एकदा घाटातील कोरलेले आकडे दाखवावेत आणि परतल्यावर फळ्यावर नऊ एक मांडावेत. दहावा एक मुले स्वतःच मांडून पाहतील.