नर विकत घेऊ नका

मरीन माशांच्या दुकानात अँथिआसची टाकी असली की गिऱ्हाइकाचं बोट हमखास एकाच माशाकडे जातं. अंग जांभळट गुलाबी, कल्ल्यामागच्या परावर लालभडक ठिपका, पाठीच्या पराचा तिसरा काटा तुरा होऊन वर निघालेला. हा लायरटेल अँथिआसचा नर. बाकीच्या सगळ्या साध्या नारिंगी. डोळ्याखालून निघालेली जांभळी रेघ सोडली तर नजरेत भरावं असं त्यांच्यात काही नाही. गिऱ्हाईक म्हणतं, तो एक द्या. दुकानदार पिशवीत भरून देतो. घरी मोठ्या टाकीत तो एकटाच कपारीतून बाहेर डोकावतो, खाणं टाकलं की बिचकतो आणि हळूहळू फिका पडतो.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: माद्या घ्या, पाच-सात एकदम घ्या. नर त्यांच्यातूनच होईल.

यात अतिशयोक्ती नाही. या जातीतले सगळे मासे आधी मादी म्हणूनच वाढतात. लेव्ह फिशेल्सन या इस्रायली जीवशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रातल्या या माशांचा अभ्यास करून 1970 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की माद्यांच्या गटातून नर नाहीसा झाला की त्यांच्यातलीच एक नर होते. पुढे डग्लस शापिरो यांनी एकाच गटातले अनेक नर एकदम काढून पाहिले. 1980 च्या ‘सायन्स’मधला त्यांचा निष्कर्ष मला आजही थक्क करतो: जितके नर काढले, जवळपास तितक्याच माद्या नर झाल्या, आणि त्याही एकदम नव्हे, एकीमागून एक, पाळीने. म्हणजे आपल्यात कोण आहे, कोण नाही, आता कोणाची पाळी, याचा हिशोब तो थवा ठेवत असतो. असा मासा एकटा पिशवीत घालून विकला जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या टाकीतही हे घडलं. आधी वागणं बदललं. सगळ्यांत मोठी मादी पर ताठ करून इतरांच्या वाटेत उभी राहू लागली. वरून सुसाट खाली आणि वळून पुन्हा वर, असे हेलकावे घेऊ लागली. रंग सावकाश आला. नारिंगीवर आधी एक मळकट छटा, मग कल्ल्यामागच्या परावर पुसट तांबूस डाग, आणि पाठीवरचा तो काटा इतरांपेक्षा जरासा लांब. काही आठवड्यांत ती पुरती ‘तो’ झाली.

आता जेवणाचं. माझ्या मते अँथिआस मरतात ते बहुतेक याच पायी. समुद्रात हे मासे खडकाच्या वर, प्रवाहाकडे तोंड करून थव्याने तरंगतात आणि वाहत येणारे बारीक जीव एकेक हेरून टिपतात. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत हेच काम. रात्री कपारीत झोप. त्यांच्या शरीराला थोडं थोडं आणि सतत खाण्याची सवय आहे. सकाळी चिमूटभर दाणे टाकून ऑफिस गाठलं तर क्लाउनफिशचं भागतं, अँथिआसचं नाही. तो उपासमारीने मरतो, पण इतका सावकाश की घरच्यांना कळत नाही. डोक्यामागचं मांस आटून खळगा पडतो, पोट आत जातं, रंग उतरतो. खळगा दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

दिवसातून निदान तीन-चार वेळा, थोडंथोडं. फ्रोझन मायसिसची वडी मी वाटीत टाकीच्याच पाण्यात विरघळवते, चहाच्या गाळणीने निथळून घेते, म्हणजे तो फॉस्फेटचा रस टाकीत जात नाही, आणि पंपाच्या झोतासमोर सोडते. सोबत घरी उबवलेला आर्टेमिया. त्याची अंडी मिठाच्या पाण्यात हवेची नळी सोडून ठेवली की साधारण दिवसभरात फुटतात. मग हवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला टॉर्च लावला की नारिंगी धुळीसारखी ती पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीने ओढायची, धुवायची आणि टाकीत सोडायची.

दुपारचं खाणं सासूबाई घालतात. त्यांना लॅटिन नावांत रस नाही, पण थवा त्यांना माझ्यापेक्षा नीट कळतो. “अगं, पुढच्या दांडग्या आधी खाऊन घेतात. ती मागची बारकी राहते. मी दुसरा घास तिच्या बाजूला सोडते,” असं त्यांनी एकदा सांगितलं. सगळ्यांत खालच्या मादीला घास मिळतो की नाही, हीच अँथिआस पाळण्यातली खरी परीक्षा आहे.

इतकं खाणं म्हणजे तितकीच घाण. अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, हे काम जिवाणू करतात, पण नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. म्हणून काही महिने मुरलेली टाकीच यांना योग्य. माझ्या मते 400 लिटरच्या खाली थवा घेऊच नये. दणकट स्किमर हवा, सम्पमध्ये शेवाळ हवं. वर जाळीचं झाकण हवंच, कारण हे मासे दचकले की थेट बाहेर उडी मारतात. बाकी चिलर, इन्व्हर्टर, आरओचं पाणी हे सगळ्याच मरीन टाकीवाल्यांना ठाऊक असतं.

खडकांबद्दल मात्र बोलायलाच हवं. मालवणला निघालेली मंडळी प्रेमाने विचारतात, प्रवाळाचा एखादा तुकडा आणू का? नको. कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; समुद्रातून ते उचलणं गुन्हा आहे. आमच्या टाकीत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक आहेत. माशांना लपायला कपार लागते, जिवाणूंना बसायला जागा लागते, आणि दोन्ही त्यात मिळतं.

मासे मात्र अजून बहुतांश समुद्रातूनच पकडून येतात. फिलिपिन्स-इंडोनेशियात काही जण सायनाइड फवारूनही मासे पकडत आले आहेत. त्यामुळे केरळातल्या विळिंजमच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राने मार्सियाज अँथिआस या जातीचं बंदिस्त प्रजनन घडवून आणलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. अँथिआसची नुकती फुटलेली पिल्लं इतकी इवली असतात, की त्यांच्या तोंडात मावेल असं खाद्य वाढवणं हेच मोठं काम असतं.

दुकानात गेलात तर दोन गोष्टी करा. मासे कुठून आले, ते विचारा. आणि पैसे देण्याआधी त्यांना तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खाण्यासाठी पुढे येणाऱ्या नारिंगी माद्या एकाच टाकीतून, एकाच दिवशी, एकत्र घ्या. खात नसतील तर कितीही देखण्या असोत, पिशवी रिकामी घेऊन परत या.