‘पलीकडे गेला की चिन्ह बदलतं’ हे आधी शिकवू नका



सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं होतं : ३क्ष = १२. (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो. मी इथे क्ष लिहिते, कारण मुलांच्या वहीत एक्स आणि गुणाकाराचं चिन्ह अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात.) एका मुलीने वही पुढे केली. तिचं उत्तर होतं, क्ष = −४.

“वजा कुठून आलं गं?” मी विचारलं.

“मॅडम, तीन पलीकडे गेला ना. पलीकडे गेला की चिन्ह बदलतं.”

तिने बाराला वजा तीनने भागलं होतं. भागाकार अचूक होता. मग मी वही मिटायला लावली आणि तोंडी विचारलं, “कोणत्या संख्येची तिप्पट बारा?” ती लगेच म्हणाली, चार. मी वहीकडे बोट दाखवलं. ती थोडी गोंधळली आणि म्हणाली, “पण असं तोंडी सांगितलेलं समीकरणात नाही ना चालत.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. या मुलीला समीकरण सोडवता येत होतं. आपण शिकवलेल्या नियमामुळे तिला ते येईनासं झालं. आणि ‘आपण’ म्हणते त्यात मीही आले, कारण हीच मुलगी दुसरी-तिसरीत माझ्याच वर्गात होती.

सहावीत समीकरणांची ओळख होते, आठवीत एकचल समीकरणं येतात, म्हणून हा वरच्या वर्गांचा विषय आहे असं आपण प्राथमिकवाले समजतो. माझं म्हणणं उलट आहे. समीकरण बिघडतं ते पहिलीत-दुसरीत, आणि बिघडवतो आपणच. ‘पलीकडे गेला की चिन्ह बदलतं’ हे वाक्य नंतर त्या बिघाडावर फक्त झाकण घालतं.

खात्री करून घ्यायची असेल तर तुमच्या वर्गात हे उदाहरण लिहून बघा :

८ + ४ = ☐ + ५

मी पाचवीत लिहिलं. बहुतेकांनी चौकटीत १२ भरलं. काहींनी सगळ्यांची बेरीज करून १७ लिहिलं. ७ लिहिणारे अगदी थोडे. ज्यांनी १२ लिहिलं त्यांना विचारलं तर म्हणाले, “आठ आणि चार बारा, बरोबर. मग पुढचे पाच कशाला आहेत मॅडम? चुकून लिहिलेत का?”

मुलांची चूक नाही हो. पहिलीपासून त्यांनी हे चिन्ह कसं पाहिलंय ते आठवा. डावीकडे बेरीज, मग दोन रेघा, मग रिकामी जागा. शेकडो वेळा तेच. त्यांच्या लेखी त्या दोन रेघा म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम. मी एकदा फळ्यावर १२ = ८ + ४ लिहिलं, तर चौथीतला मुलगा म्हणाला, “मॅडम, उलटं लिहिलंत.” आणि ७ = ७ लिहिलं तेव्हा वर्ग हसला. यात गणित कुठाय, असं त्यांना वाटलं.

त्यात आपली मराठीही आपल्याला थोडी फसवते. ‘=’ आपण ‘बरोबर’ असं वाचतो. पण मुलाला ‘बरोबर’ हा शब्द कुठे ऐकू येतो? उत्तर नीट आलं की बाई म्हणतात ‘बरोबर’ आणि लाल पेनने खूण करतात. ‘बरोबरीचा’ मधला बरोबर वेगळा, आणि ‘बरोबर की चूक’ मधला वेगळा. मूल दुसरा अर्थ धरून बसतं. तेव्हापासून मी पहिली-दुसरीत ते चिन्ह ‘तेवढेच’ असं वाचायला सुरुवात केली. आठ आणि चार म्हणजे तेवढेच, जेवढे पाच आणि सात. वाक्य जरा ओबडधोबड होतं, पण मुलं उजवीकडे बघायला लागतात. हे चिन्ह काढणाऱ्या माणसाचं म्हणणंही तेच होतं. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या गणितज्ञाने १५५७ साली आपल्या पुस्तकात पहिल्यांदा दोन समांतर रेघा वापरल्या. कारण काय दिलं, तर या दोन रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू असू शकत नाहीत. त्यात ‘उत्तर’ कुठेच नाही.

माझी अजून एक चूक कबूल करते. तोंडी गणिताच्या तासाला घाईघाईत मी फळ्यावर असं लिहायची : १५ + ७ = २२ × २ = ४४ − ४ = ४०. तुम्हीही लिहीत असाल. आता ही ओळ ‘तेवढेच’ म्हणत वाचा. पंधरा आणि सात म्हणजे तेवढेच, जेवढी बावीसची दुप्पट? साफ खोटं. आपण रोज फळ्यावर खोटं लिहायचं आणि सातवीत म्हणायचं की यांना दोन्ही बाजू समान असतात हेच कळत नाही.

अशी मुलं पुढे गेली की त्यांच्यासमोर क्ष + ५ = १२ येतं. दोन्ही बाजू सारख्या असतात ही जाणीवच नसल्यामुळे त्यांना नियम लागतो, आणि नियम तयार असतोच. वरच्या वर्गात याला पक्षांतर म्हणतात. हा शब्द उच्चारला की मुलं फिसकन हसतात, कारण बातम्या त्यांच्याही कानावर येतात. पक्ष बदलला की चिन्ह बदलतं, हे त्यांना चटकन पटतं! पाठ तर होतं, पण मग प्रत्येक ठिकाणी तेच लागतं. ३क्ष मधला ३ पलीकडे जाताना −३ होतो, नाहीतर सरळ १२ मधून वजा होतो आणि उत्तर ९ येतं.

डी.एड.च्या सराव पाठात मी तराजूचं छान रंगीत चित्र काढून समीकरण शिकवलं होतं. शाबासकीही मिळाली होती. आता वाटतं, ते चित्र माझ्यासाठी होतं. आजच्या मुलांनी दोन पारड्यांचा तराजू क्वचितच पाहिलेला असतो. दुकानात आकडा दाखवणारा काटा असतो, आणि तो पुन्हा ‘उत्तर’च दाखवतो. मग मी हँगरला दोन करवंट्या बांधून खरा तराजू केला. तो झुलण्यातच अर्धा तास गेला. शिवाय क्ष − ५ = ९ तराजूवर कसं ठेवणार? नसलेलं वजन पारड्यात ठेवता येत नाही.

मला उपयोगी पडल्या त्या काडेपेट्या, आणि युक्ती दीड हजार वर्षांपूर्वीची आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ रचलं. त्याच्या गणितपादात दोन माणसांचा हिशोब आहे. प्रत्येकाकडे काही गुलिका आहेत आणि काही रूपकं, म्हणजे नाणी. गुलिकेची किंमत माहीत नाही, पण दोघांची एकूण संपत्ती सारखी आहे. तर नाण्यांमधल्या फरकाला गुलिकांमधल्या फरकाने भागा, गुलिकेची किंमत मिळेल. ती गुलिका म्हणजेच आपला क्ष.

वर्गात असं करायचं. प्रत्येक काडेपेटीत गुपचूप चार-चार नाणी घालून पेट्या चिकटवून टाका. एका मुलाला ५ पेट्या आणि २ सुटी नाणी द्या, दुसरीला ३ पेट्या आणि १० सुटी नाणी. सांगा, दोघांकडे पैसे सारखेच आहेत, पेटी न फोडता आत किती ते सांगा. (नाणी आवाज करतात, म्हणून आत कागदाचा बोळा घाला. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एकाने पेटी कानाशी हलवूनच उत्तर सांगितलं होतं.)

मग नुसतं बघत बसा. मी काही सांगायच्या आत एक मुलगी म्हणाली, “दोघांकडच्या तीन-तीन पेट्या बाजूला ठेवू या, त्या सारख्याच आहेत.” उरल्या २ पेट्या आणि २ नाणी, तिकडे १० नाणी. “आता दोन-दोन नाणी पण काढा.” उरल्या २ पेट्या, तिकडे ८ नाणी. एकेका पेटीत चार. पेटी फोडली, चार निघाली, आणि जो काही आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांना विचारा.

यात कोणीही कुठेही ‘पलीकडे’ गेलं नाही. दोघांकडून सारखंच काढलं, म्हणून उरलेलंही सारखंच राहिलं. हे हाताने झाल्यावरच मी फळ्यावर ५क्ष + २ = ३क्ष + १० लिहिलं, आणि मुलांनी मला ओळी सांगितल्या.

वजाबाकीसाठी मी भास्कराचार्यांकडे जाते. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात घोड्यांचं उदाहरण आहे. एकाजवळ ६ घोडे आणि ३०० रूपकं. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० रूपकांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? कर्ज आपल्या गावातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सहावीतला एकजण म्हणाला, “आधी दुसऱ्याचं कर्ज फेडून टाकू, मॅडम.” मी म्हटलं, शंभर रुपये त्याला दिले तर मग दोघं सारखे कसे राहतील? “मग पहिल्यालाही शंभर द्या.” झालं! ६ घोडे आणि ४००, तिकडे १० घोडे. दोघांचे सहा-सहा घोडे बाजूला केले, की ४ घोडे म्हणजे ४००, एक घोडा १०० चा. आता ताळा बघा : इकडे ६०० आणि ३०० म्हणजे ९००, तिकडे १००० वजा १०० म्हणजे ९००.

आणि मग तोच मुलगा फळ्याकडे बघून म्हणाला, “म्हणजे तिकडचे वजा शंभर इकडे अधिक शंभर दिसतायत, पण ते तिकडून आलेलेच नाहीत. आपण दोघांना दिलेत.” तो नियम त्याने स्वतःच शोधला, कारणासकट. त्यानंतर त्याने एका ओळीत बाजू बदलली तरी मला चालतं.

आता पालकांसाठी थोडं. एका वडिलांनी मला वही दाखवून विचारलं होतं, “मॅडम, क्लासमध्ये हे एका ओळीत होतं. तुम्ही चार ओळी कशाला लिहायला लावता? शिष्यवृत्तीच्या पेपरला वेळ कुठे असतो?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. परीक्षेत झटपट रीत लागतेच. मी त्यांना एवढंच म्हटलं की मुलाला ‘चिन्ह का बदललं’ असं विचारा. सांगितलं तर खुशाल एका ओळीत लिहू द्या. त्यांनी तिथेच विचारलं. मुलगा म्हणाला, “सरांनी सांगितलंय म्हणून.” वडील हसले, आणि मग जरा वेळ काहीच बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट पडताळ्याची. काढलेली किंमत मूळ समीकरणात ठेवून बघायची ओळ मुलं शेवटी गुणांसाठी लिहितात, तीही उत्तर मागे बघून. माझ्या त्या मुलीने −४ ची तिप्पट एकदा करून पाहिली असती, तर मला विचारावंच लागलं नसतं. घरी अभ्यास घेताना उत्तर बरोबर की चूक हे तुम्ही सांगू नका. “ठेवून बघ” एवढंच म्हणा.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पक्ष्यांच्या थव्याचं कोडं विचारायला सांगा. थवा झाडावरच्या एका पक्ष्याला म्हणतो, आम्ही, आमच्याएवढे आणखी, आमच्या निम्मे, निम्म्याचे निम्मे, आणि तू मिळून शंभर. तर आम्ही किती? माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी हे शाळेत येऊन सोडवून दाखवलं. शाळा त्यांनी चौथीत सोडलेली. खडू हातात न घेता म्हणाले, “तो एकटा बाजूला काढ. राहिले नव्व्याण्णव. आता थव्याचे चार वाटे कर. चार वाटे, पुन्हा चार, मग दोन, मग एक. अकरा वाट्यांचे नव्व्याण्णव, तर एका वाट्याचे नऊ. थवा छत्तीस.”

मी ते क्ष घेऊन फळ्यावर मांडलं, सहा ओळी झाल्या. आजोबांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “बाई, मी केलं तेच आहे ना हे?” −४ काढणारी ती मुलगी पहिल्या बाकावर होती. मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, “हो आजोबा, तेच आहे.”